नाना शंकरशेट व घाटावरची वाट

जुन्नराहून पश्चिमेस निघालेला वाटसरू नाणेघाटाच्या माथ्याशी पोहोचला म्हणजे त्यास खडकात कोरलेले लेणे, त्यातील सातवाहनांच्या राणी नागनिकेचा लेख व जवळच एक मोठा दगडी रांजण दृष्टीस पडतो. या रांजणात जकात गोळा करीत असत, अशी समजूत पूर्वापार चालत आली आहे. शतकानुशतके बैलांच्या पाठीवरून कोकणचे मीठ या वाटेने वर चढले व देशावरचे धान्य खाली उतरले. घाट उतरून कल्याणकडे जाताना मुरबाड लागते. ज्यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो, त्या जगन्नाथ शंकरशेट यांचे घराणे मूळचे याच मुरबाडचे. लोक त्यांस आदराने नाना म्हणत.

त्यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी झाला. वडील मुंबईतील धनाढ्य व्यापारी होते. १८२२ साली ते वारले, आणि ऐन तारुण्यात सर्व कारभार नानांच्या अंगावर पडला. त्यांनी तो राखला, वाढविला, आणि मिळालेले द्रव्य लोकांच्या कामी लाविले. मुलींनी शिकणे हे पुष्कळांस रुचत नव्हते, त्या काळी, म्हणजे १८४९ च्या सुमारास, त्यांनी आपल्या वाड्यात मुलींच्या शाळेस जागा दिली.

मुंबईहून लोहमार्ग काढावा, हा विचार पुढे आला तेव्हा १८४५ साली जमशेटजी जिजीभाई यांच्यासह ते त्या खटपटीत अग्रभागी होते. पुढे ग्रेट इंडियन पेनिनशुला रेल्वे कंपनी स्थापन झाली, आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत २१ मैल पहिली आगगाडी धावली. तिच्या १४ डब्यांत सुमारे ४०० पाहुणे होते. पुढच्याच वर्षी ती कल्याणास पोहोचली.

आता जी गोष्ट सांगावयाची, ती जुन्नर व आंबेगावच्या वाचकांस विशेष वाटेल. कल्याणहून माळशेज घाट चढून देशावर जावे, असा या मार्गाचा आरंभीचा बेत होता. तो तडीस जाता, तर आगगाडी मुरबाडच्या बाजूने येऊन जुन्नरच्या माथ्यावर उभी राहिली असती. परंतु पाहणीअंती मुख्य इंजिनियर जेम्स बर्कले यांनी दक्षिणेकडील बोरघाट व उत्तरेकडील थळघाट हे पसंत केले. बोरघाटाचे काम १८६३ साली पुरे झाले, थळघाटाचे १८६५ साली. त्या कामी हजारो मजूर रोगराईने व अपघातांनी मेले, आणि त्यांची नावेही कोणी लिहून ठेविली नाहीत. मालाचा ओघ त्या दोन वाटांकडे वळला व नाणेघाटाच्या बैलांचे तांडे ओसरले. जुन्नर व आंबेगाव मध्येच राहून गेले. आजही या दोन तालुक्यांत आगगाडी धावत नाही. माल जातो तो पुणे-नाशिक रस्त्याने व माळशेजच्या मोटाररस्त्याने.

नानांच्या वाट्यासही दुःख आले. १८५७ च्या बंडात हात असल्याचा संशय त्यांजवर घेण्यात आला व चौकशी झाली. तथापि पुरावा निघाला नाही. पुढे १८६२ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यांची नेमणूक झाली, आणि ३१ जुलै १८६५ रोजी त्यांनी देह ठेविला.

ज्या मार्गासाठी त्यांनी श्रम केले, तो त्यांच्या पूर्वजांच्या गावावरून गेला नाही. तरी म्हणून ते श्रम वाया गेले, असे कोण म्हणेल? आपल्या गावी रस्ता, पूल किंवा शाळा करावयाची वेळ आली म्हणजे ती आपल्या दाराशी येते की नाही, एवढेच आपण आधी पाहतो. वाचकहो, अशा वेळी मुरबाडच्या या गृहस्थाची आठवण धरावी, असे आम्हांस वाटते.