पोराच्या करारावर फादरची सही

पणजीत डॉन बॉस्को म्हटलं की लोकांना तिथली शाळा आठवते, मुंबईकरांना माटुंग्याची. या नावाचा माणूस नेमका कोण होता, हे मात्र तिथं मुलं शिकवलेल्या पालकांनाही बरेचदा सांगता येत नाही. नावातला डॉन सिनेमातला नाही, एवढं आधी सांगितलेलं बरं. इटलीत धर्मगुरूच्या नावाआधी मानाने डॉन लावतात, आपल्याकडे फादर म्हणतात तसं. माणसाचं नाव जोव्हानी बॉस्को. ३१ जानेवारी हा त्यांचा स्मृतिदिन. त्यांच्या नावाच्या शाळा पुढे जगभर झाल्या, पण हे काम त्यांना सुचलं ते तुरुंगात.

जन्म १६ ऑगस्ट १८१५ चा, उत्तर इटलीत, तुरीन शहराच्या बाजूला असलेल्या बेक्की नावाच्या वाडीवरचा. घरची शेती बेताची. पोरगा दोन वर्षांचाही नव्हता तेव्हा वडील न्यूमोनियाने गेले. मागे आई मार्गेरिता, म्हातारी सासू आणि तीन मुलगे. थोरला आंतोनियो हा वडिलांच्या पहिल्या बायकोचा. धाकट्याने पुस्तक घेऊन बसणं त्याला खपायचं नाही. शेतात हात कमी आणि हा वाचत बसतोय, असला राग. भांडणं इतकी वाढली की बारा-तेरा वर्षांच्या जोव्हानीला आईने दुसऱ्याच्या शेतावर चाकरीला धाडलं. सावत्र असला तरी थोरला घराचा कर्ता होत चाललेला. त्या माउलीने काय गिळून हा निर्णय घेतला असेल, ते एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको.

या पोराला एक नाद होता. जत्रेत डोंबारी, जादूगार आले की पुढे उभं राहून त्यांचे हात न्याहाळायचे आणि घरी येऊन तेच करून बघायचं. दोरीवर चालणं, हातावर चालणं, चेंडू झेलणं, सगळं जमलं. मग रविवारी वाडीवरची माणसं जमवून खेळ करायचा. तिकीट म्हणजे आधी प्रार्थना करायची आणि सकाळी चर्चमध्ये ऐकलेलं प्रवचन त्याच्या तोंडून पुन्हा ऐकायचं.

पुढे किएरी गावात शिकताना पैसे नव्हतेच. एका कॉफीच्या दुकानात काम करून, तिथंच जिन्याखालच्या अडचणीत झोपून त्याने दिवस काढले. मधल्या काळात शिंप्याकडे शिवण शिकला, लोहाराकडे घण मारला. यातलं काहीही वाया गेलं नाही. ५ जून १८४१ रोजी तो धर्मगुरू झाला तेव्हा कपडे शिवणारा, लोखंड ठोकणारा आणि दोरीवर चालणारा असा फादर तुरीनमध्ये दुसरा नसावा.

तुरीन तेव्हा वाढत होतं. इमारती उठत होत्या आणि त्यासाठी खेड्यापाड्यांतून पोरं येत होती. कुणी गवंड्याच्या हाताखाली, कुणी दगड फोडायला, कुणी चिमण्यांतली काजळी काढायला. आठ-दहा वर्षांचीसुद्धा. आईबाप गावाकडे किंवा वारलेले. कामाच्या दिवशी मालक असतो, रविवारी कुणीच नाही. पोट भरेना की चोरी, चोरी झाली की तुरुंग.

डॉन बॉस्कोंचे गुरू काफास्सो कैद्यांना भेटायला जात. त्यांनी या तरुण फादरला सोबत नेलं. आत बारा ते अठरा वयाची धडधाकट पोरं किड्यामुंग्यांत, रिकाम्या पोटी, रिकामटेकडी बसलेली. ते बघून डॉन बॉस्को हादरले. पण त्याहून त्यांना लागली ती दुसरी गोष्ट. सुटून गेलेली पोरं काही दिवसांनी पुन्हा तिथंच दिसायची. आत असताना सुधारायचं ठरवून गेलेली हीच पोरं. त्यांनी हिशेब मांडला तो साधा होता. बाहेर पडल्यावर यांना ओळखणारं, रविवारी सोबत असणारं, आठवडाभर काम मिळालं का बघणारं एकही माणूस नसतं. तसं एक माणूस मिळालं तर यातली किती तरी परत येणार नाहीत.

८ डिसेंबर १८४१. सेंट फ्रान्सिस चर्चच्या मागच्या खोलीत डॉन बॉस्को मिस्सासाठी कपडे घालत होते. थंडीने आत शिरलेल्या एका पोराला चर्चच्या कारभाऱ्याने मिस्साची सेवा करायला सांगितलं. पोराला ती येत नव्हती, म्हणून त्याला झाडूच्या दांड्याने बडवून हाकललं. डॉन बॉस्कोंनी कारभाऱ्याला झापलं, तो माझा मित्र आहे असं सांगून पोराला परत बोलावलं. पोराचं नाव बार्तोलोमेओ गारेल्ली. वय सोळा, आईबाप नाहीत, धंदा गवंडीकामाचा. लिहिता येतं का, नाही. वाचता येतं का, नाही. शेवटी त्यांनी शिट्टी वाजवता येते का विचारलं. पोरगं हसलं. पुढच्या रविवारी ते आपल्यासारख्या आणखी काहींना घेऊन आलं. हा प्रसंग डॉन बॉस्कोंनी स्वतःच आठवणींत लिहून ठेवला आहे.

त्यानंतर दर रविवारी प्रार्थना, थोडं शिकवणं आणि भरपूर खेळ असा कार्यक्रम सुरू झाला. तेवढ्यावर भागवणारी चांगली माणसं शहरात आणखीही होती. डॉन बॉस्को सोमवारी निघायचे. बांधकामावर, कारखान्यात जाऊन पोरगं कामावर आहे का, मालक कसा वागवतो, हे बघायचे. ज्याला काम नाही त्याच्यासाठी मालक शोधायचे. पोरांची संख्या वीस, शंभर, पुढे तीनशे-चारशे झाली.

आणि मग कुणालाच ती नकोशी झाली. एवढा गलका कोण सहन करणार? गिरणीजवळ जागा मिळाली, तिथल्या लोकांनी तक्रार केली. दफनभूमीच्या चॅपेलात गेले, तिथून हाकललं. भाड्याच्या खोल्या घेतल्या, शेजारी ओरडले. शेत भाड्याने घेतलं, तर पोरांच्या पायांनी गवताची मुळंसुद्धा राहिली नाहीत म्हणून शेतमालकांनी नोटीस दिली. नगरप्रमुखाला हा जमाव बंडाचा वाटला, त्याने रविवारी शिपाई ठेवले. बरोबरच्या धर्मगुरूंना तर फादरचं डोकं फिरलंय याची खात्री पटली. दोघेजण बग्गी घेऊन त्यांना फिरायला न्यायला आले, खरं तर वेड्यांच्या इस्पितळात. डॉन बॉस्कोंनी ओळखलं. आधी तुम्ही बसा म्हणत दोघांना आत बसवलं, दार लावलं आणि गाडीवानाला गाडी सोडायला सांगितली. ती थेट इस्पितळात जाऊन थांबली.

एप्रिल १८४६ मध्ये वाल्दोक्को या उपनगरात पिनार्दी नावाच्या माणसाची एक शेड मिळाली. छप्पर इतकं बुटकं की ताठ उभं राहता येईना, म्हणून जमीन खोदून खाली घ्यावी लागली. १२ एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी, पोरं तिथं आली. त्यानंतर कुणी हलवलं नाही.

त्याच उन्हाळ्यात डॉन बॉस्को मरता मरता वाचले. ज्या संस्थेत पगारावर होते तिथल्या मार्केसा बारोलो बाईंनी माझं काम किंवा ही पोरं, एक काय ते निवडा असं सांगितलं होतं. त्यांनी पोरं निवडली, पगार गेला. बाई दुष्ट नव्हत्या, त्या स्वतः कैदी स्त्रियांसाठी राबत होत्या आणि माणूस असा खपून जाईल ही त्यांची भीती खोटीही नव्हती. जुलैमध्ये डॉन बॉस्को अंथरुणाला खिळले. दिवसभर विटा वाहणारी पोरं उपास करून चर्चमध्ये पाळीपाळीने बसली. ते उठले, गावाकडे विश्रांतीला गेले आणि नोव्हेंबरमध्ये परतले ते आईला घेऊनच. ५८ वर्षांची मार्गेरिता मुलाबरोबर पायी चालत शहरात आली.

तिने लग्नातले कपडे नि दागिना विकला. पहिल्यांदा रात्री आसरा दिलेली पोरं सकाळी चादरी-पांघरुणं घेऊन पळाली. तरीही १८४७ च्या मे महिन्यात पावसाने निथळत दारात आलेल्या अनाथ पोराला तिने विटांवर फळ्या टाकून बिछाना करून दिला आणि झोपण्याआधी काम, प्रामाणिकपणा आणि देव यांवर चार शब्द सुनावले. रात्री निजताना दोन शब्द बोलायची पद्धत त्या घरात तिथून पडली. दहा वर्षं ती शेकडो पोरांचं शिवण-टिपण, स्वयंपाक करत राहिली. २५ नोव्हेंबर १८५६ ला तिथंच गेली.

१८४८ ला खरी कसोटी लागली. इटलीत राजकारण पेटलं होतं. हाताखालचे धर्मगुरू मोर्चे-झेंड्यांत गेले, मदतनीस पांगले आणि एवढ्या पोरांमागे डॉन बॉस्को एकटे उरले. मोठी माणसं टिकत नाहीत हे कळल्यावर त्यांनी पोरांतूनच मदतनीस घडवायला घेतले. बुझेत्ती नावाचा गवंड्याचा पोरगा त्यांतलाच, तो जन्मभर राहिला. मिकेले रुआ हा दुसरा. लहानपणी पदकं वाटताना त्याच्या वाट्याला काहीच उरलं नाही, तेव्हा फादरनी आपला तळहात अर्धा कापून देत असल्याची खूण केली. सगळं निम्मं-निम्मं करू, असा त्याचा अर्थ त्याला पुढे कळला.

१८५४ मध्ये तुरीनमध्ये कॉलरा आला. नातेवाईकही रोग्याजवळ जाईनात. या घरातली ४४ पोरं सेवेला गेली. एकालाही कॉलरा झाला नाही.

कागदपत्रांत रस असलेल्यांनी ८ फेब्रुवारी १८५२ चा एक करार आवर्जून बघावा. स्टॅम्प पेपरवर. एका बाजूला सुतार मालक, दुसऱ्या बाजूला ओदास्सो नावाचा शिकाऊ पोरगा आणि त्याचा बाप, आणि सोबत डॉन बॉस्को. मालकाने धंदा पूर्ण शिकवायचा. चूक झाली तर तोंडाने सांगायचं, मारायचं नाही. धंद्याबाहेरची कामं सांगायची नाहीत. सणावाराला सुट्टी. मजुरी ठरलेली. पोराच्या वागणुकीकडे लक्ष ठेवायची हमी फादरची. तेव्हा शिकाऊ पोरगं म्हणजे पाणी भरायला, मालकाचं मूल सांभाळायला आणि लाथ खायला. आजही काही गॅरेजांत वेगळं नाही. आपण इथं एका तोंडी शब्दावर पोरगं कामाला लावतो. त्या माणसाने १८५२ मध्ये सगळं लिहून घेतलं होतं.

हिशेबाची त्यांची दृष्टी अशीच. १८५० पासून नवी दशमान मापं सक्तीची होणार, म्हणून गवंडी-सुतार पोरं फसू नयेत यासाठी त्यांनी मेट्रिक पद्धतीवर सोपं पुस्तक लिहिलं. स्वतःच्या संस्थेचा हिशेब मात्र कायम उधारीवर. चर्च बांधायला सोडत काढायचे, श्रीमंतांचे उंबरठे झिजवायचे, एक कर्ज फिटायच्या आत दुसरी इमारत काढायचे. वाणिज्याच्या कुठल्याही पुस्तकात बसणार नाही असा हा कारभार. १८५३ पासून घरातच चांभारकाम, शिवण, बुकबाइंडिंग, सुतारकाम, छपाई, लोहारकाम असे कारखाने सुरू झाले.

सगळंच गोड नव्हतं. प्रोटेस्टंट पंथाविरुद्ध त्यांनी छापलेल्या पुस्तिका जहाल होत्या, त्यातून वैर वाढलं आणि हल्लेही झाले. गंमत अशी, की मठ बंद करणारा कायदा आणणारे मंत्री रातात्सी यांनीच त्यांना सल्ला दिला, की संस्था काढा पण सभासदांचे नागरी हक्क तसेच ठेवा, म्हणजे सरकार हात लावू शकणार नाही. तो त्यांनी मानला. याच मंत्र्याच्या परवानगीने बालतुरुंगातली शेकडो पोरं पहारेकऱ्यांशिवाय दिवसभर सहलीला नेऊन संध्याकाळी मोजून परत आणली, अशी गोष्ट सांगतात. शिष्यांनी ती थोडी फुगवलीही असेल.

१८ डिसेंबर १८५९ ला सेलेशियन संस्था स्थापन झाली. सभेला अठरा जण, त्यांतले बहुतेक त्याच अंगणात वाढलेले तरुण. १८७६ मध्ये संसारी माणसांसाठीही सहकारी म्हणून जोडून घ्यायची सोय झाली. संस्था १९०६ मध्ये भारतात तंजावरला आली, गोव्यात १९४६ मध्ये.

पण म्हातारपणी त्यांना एकच काळजी लागली होती. मे १८८४ मध्ये रोमहून त्यांनी घरच्यांना लांबलचक पत्र धाडलं. खेळाच्या सुट्टीत शिक्षक कोपऱ्यात आपापसांत गप्पा मारतात, पोरांत उतरत नाहीत. पोरांवर माया असून भागत नाही, ती आहे हे पोरांना कळलं पाहिजे, असा त्याचा सूर होता. इमारती वाढल्या होत्या, अंगणातलं माणूस कमी झालं होतं.

३१ जानेवारी १८८८ च्या पहाटे वाल्दोक्कोतल्या त्यांच्या साध्या खोलीत ते गेले. सगळ्या पोरांची मी स्वर्गात वाट बघतोय, एवढा निरोप त्यांनी ठेवला होता. संस्था आणि तिची देणी रुआंच्या हवाली झाली.