दास्यातून सख्याकडे : संत जनाबाई

आज आषाढी एकादशी. पंढरीच्या महाद्वारी नामदेवपायरीशी लक्षावधी वारकरी नतमस्तक होतील. नामदेवांच्या परिवारासमवेत जनाबाईंनीही येथेच शके १२७२ मध्ये, म्हणजे इ. स. १३५० साली, आषाढ वद्य त्रयोदशीस समाधी घेतली, अशी परंपरा आहे. आयुष्यभर स्वतःस ‘दासी’ म्हणविणाऱ्या या माउलीचे चरित्र आजच्या पर्वकाळी आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

गोदातीरीचे गंगाखेड हे जनाबाईंचे जन्मस्थान. पिता दमा, माता करुंड. परंपरा सांगते की, विठ्ठलभक्त पित्याने या कोवळ्या पोरीस पंढरपुरी दामाशेटी शिंप्यांच्या घरी ठेविले. दळण, कांडण, पाणी, शेणगोठा. पडेल ते काम तिच्या वाट्यास आले.

त्या काळी दास्य म्हणजे काय होते? नारदस्मृतीत दासांचे पंधरा प्रकार सांगितले आहेत. घरात जन्मलेला, विकत घेतलेला, दुष्काळात पोसलेला, कर्जातून सोडविलेला, युद्धात जिंकलेला, पणात हरलेला, असे ते प्रकार. दासाने जे मिळवावे ते धन्याचे, असे मनुस्मृती म्हणते. या न्यायाने जनीचे स्वतःचे असे काहीच नव्हते. दळलेले पीठ घराचे, थापलेल्या गोवऱ्याही घराच्याच. पण जात्याच्या घरघरीबरोबर ओठी आलेले अभंग मात्र तिचे राहिले. तीनशेहून अधिक अभंग आज तिच्या नावावर आहेत. त्यांच्या मुद्रेत नामदेवांचे नाव आहे, परंतु जनीचे नाव पुसले गेलेले नाही. देह राबत होता. मन कोणाचेही बटीक झाले नव्हते. म्हणून तर ती विठोबाशी भांडते, त्याच्यावर रुसते, त्याला आई म्हणून हाक मारते.

एकदा देवाचे पदक नाहीसे झाले. संशय कोणावर आला? दासीवर! चंद्रभागेच्या वाळवंटी तिला सुळी देण्यास नेले आणि सुळाचे पाणी झाले, अशी कथा आहे. आम्ही हे आख्यान लावतो तेव्हा श्रोत्यांचे डोळे पाणावतात. मात्र घरातील एखादा दागिना सापडेनासा झाला की त्याच श्रोत्यांची दृष्टी प्रथम मोलकरणीकडे वळते, हेही आम्ही पाहिले आहे.

नारदस्मृतीत दासमुक्तीचा विधीही आहे. दासाच्या खांद्यावरील पाण्याचा घडा धन्याने उतरवून फोडावा, अक्षता व फुले घातलेले पाणी त्याच्या मस्तकी शिंपडावे आणि तू आता दास नाहीस, असे त्रिवार उच्चारावे. जनीच्या बाबतीत असा विधी कोणी केल्याचे कथेत नाही. कथेत आहे ते याहून मोठे. प्रत्यक्ष पांडुरंग तिच्यासाठी पाणी वाहतो, तिच्यासंगे जात्याचा खुंटा धरतो. नवविधा भक्तीत दास्य सातवे आणि सख्य आठवे. जनीने ती पायरी ओलांडली.

येथे एक सावधानता हवी. जनी दास्यात तरली, म्हणून लादलेले दास्य पवित्र ठरत नाही. ईश्वराचे दास्य जीव आपखुशीने पत्करतो. माणसाचे दास्य भूक, कर्ज आणि भय लादतात. आपल्या संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगारीस बंदी केली, १९७६ च्या कायद्याने कर्जापायी राबविणे दंडनीय ठरविले. तरीही आगाऊ उचलीपायी बांधली गेलेली कुटुंबे आणि परक्या घरी राबणारी कोवळी पोरे संपलेली नाहीत. आणि आपल्यापुढे ताठ मान करून कोणी उभे राहिलेले आपल्याला सोसत नसेल, तर आपणही अहंकाराचे गुलामच आहोत.

आज उपवासाचा फराळ करताना आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईस प्रथम पाटावर बसवावे. तिचे नाव आदराने घ्यावे, तिचे वेतन वेळेवर द्यावे, तिच्या लेकराच्या शाळेची चौकशी करावी. देवाने जनीचा घडा उचलला, तो आपण निदान उतरवू या. पांडुरंगाच्या चरणी रुजू होईल अशी याहून मोठी सेवा आम्हांस ठाऊक नाही.