कै. रमाबाई रानडे आणि स्त्रियांचे मत

आपल्या मंडळात एक भगिनी ठराव मांडते, दुसरी अनुमोदन देते आणि भराभर हात वर होतात. किती साधी गोष्ट! पण घरंदाज बाई सभेला गेली तर पूर्वी घरात केवढा गहजब होई, ते कै. रमाबाई रानडे यांच्या चरित्रावरून कळते.

रमाबाईंचा जन्म १८६२ साली देवराष्ट्रे येथे कुर्लेकरांच्या घरी झाला. अकराव्या वर्षी, १८७३ साली, महादेव गोविंद रानडे यांच्याशी लग्न झाले, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. रानडे त्यांना स्वतः शिकवू लागले. दिवसा घरकाम आणि रात्री धडे! घरातील वडीलधाऱ्या बायकांना हे मुळीच रुचले नाही. पुढे १८८२ साली पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला व या त्याच्या सभांना जाऊ लागल्या, तेव्हा तर टोमण्यांना ऊत आला. रमाबाईंनी उलट उत्तर केले नाही, आणि सभेला जाणेही सोडले नाही. मुलींसाठी हायस्कूल हवे ही मागणी गव्हर्नरसाहेबांपुढे इंग्रजीतून वाचून दाखविण्याइतका धीर त्यांना आला, तो अशा सोसण्यातूनच आला असावा.

१९०१ साली न्यायमूर्ती गेले. त्यानंतर रमाबाई पुण्यास राहू लागल्या व १९०९ साली तेथे सेवासदनाचे काम सुरू झाले. शिक्षिका, परिचारिका, शिवणकाम करणाऱ्या अशा कितीतरी बायका तेथून स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. ते काम सर्वांना ठाऊकच आहे. सांगावयाचे आहे ते पुढचे.

१९१८ च्या कायद्याने नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा मिळाली. पुण्यात १९२० साली प्रश्न निघाला, ही सक्ती मुलींनाही लावायची की नाही? लोकमान्यांच्या पक्षाचे म्हणणे, पैसा अपुरा आहे, आधी मुलग्यांचे पाहू. पैशाची अडचण खोटी नव्हती. पण तंगी आली की काट मुलींच्याच वाट्याला का? आणि निर्णय कोणाविषयी, तर मुलींविषयी. त्यांच्या आयांना विचारले कोणी? तेव्हा साठीकडे झुकलेल्या रमाबाई बायकांच्या मिरवणुकीच्या अग्रभागी चालल्या. ज्या पुण्यात सभेला जाण्यावरून बोलणी खाल्ली, त्याच पुण्याच्या भर रस्त्यातून!

दुसरी खटपट मताधिकाराची. १९१९ च्या सुधारणांनी स्त्रियांना मत द्यावे की न द्यावे, हे प्रांतोप्रांतीच्या कौन्सिलांवर सोडले. म्हणजे बायकांना मत असावे का, हे पुरुषांच्या मतांनी ठरावयाचे! मुंबई इलाख्यातील या चळवळीचे पुढारपण रमाबाईंनी केले. १९२१ साली मद्रासपाठोपाठ मुंबईच्या कौन्सिलानेही ठराव मंजूर केला. हे मत सरसकट सर्वांना नव्हते, हे मात्र ध्यानात ठेवावे. मिळकत किंवा करभरणा असेल तिलाच ते मिळे. मोलमजुरी करणारी बाई बाहेरच राहिली. तिला १९५० च्या राज्यघटनेपर्यंत थांबावे लागले.

रमाबाई १९२४ साली वारल्या. कौन्सिलात बसण्याची सोय स्त्रियांना त्या वेळी नव्हती. १९२७ साली डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी मद्रासच्या कौन्सिलात जाऊन बसल्या.