चीवर उतरवून घरी परतलेले कोसंबी

विहारात पंचशील म्हणायचे आणि घरी बायकोवर हात उगारायचा, असे बांधव आपल्या सोलापुरातही आहेत. त्यांनी धर्मानंद कोसंबींचे आयुष्य पाहावे. गोव्यातील सांकवाळचा हा तरुण धम्माच्या ओढीने १८९९ साली पत्नी बाळाबाई व तान्ही माणिक यांना सोडून निघाला. १९०२ मध्ये श्रीलंकेत त्याने चीवर घेतले. बाळाबाईंनी ती वर्षे कशी काढली, हे मात्र कुणी विचारत नाही! १९०६ साली चीवर उतरवून कोसंबी घरी परतले, मोडलेला संसार पुन्हा मांडला. पाली भाषेचे अध्यापन चालूच होते. १९१८ मध्ये अमेरिकेला जाताना त्यांनी धाकट्या दामोदरबरोबर माणिकलाही शिकायला नेले. तान्हेपणी सोडलेली लेक बापाचा हात धरून बोटीत चढली.