अनुताई वाघ

अनुताई वाघ यांचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. मोरगावचा गणपती सर्वांना माहीतच आहे. त्या काळी मुलींची लग्नं लहानपणीच व्हायची. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि सहा महिन्यांतच त्या विधवा झाल्या. आपल्या शाळेतल्या सातवीच्या ताया तेवढ्याच असतात. पण अनुताई रडत बसल्या नाहीत. त्या शिकल्या आणि शिक्षिका झाल्या. पुण्याला हुजूरपागा शाळेत त्यांनी पुष्कळ वर्षं शिकवलं. दिवसा नोकरी आणि रात्री रात्रशाळा, असं करून त्या मॅट्रिक झाल्या.

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डी गावी लहान मुलांसाठी केंद्र काढलं. पुणे सोडून अनुताई तिकडं गेल्या. पुढे हे काम डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर सुरू झालं. तिथं वारली लोकांचे पाडे आहेत. तिथली मुलं शाळेत येत नसत. मुलगे गुरं राखायला जायचे. मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन फिरायच्या. मग शाळा कशी शिकणार?

तेव्हा ताराबाई आणि अनुताई यांनी शाळाच मुलांकडे नेली. गुरं चरायची तिथंच शाळा भरायची. तिचं नाव कुरणशाळा. पाड्यावर अंगणात भरायची ती अंगणवाडी. कोसबाडला पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवली. बाळ पाळणाघरात आणि ताई वर्गात! तिथं महाग खेळणी नव्हती. बिया, पानं, शिंपले, खडे घेऊन मुलं मोजायला शिकत.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई वारल्या. तेव्हा अनुताई ६३ वर्षांच्या होत्या. एवढ्या वयात गुरुजी आणि बाई निवृत्त होऊन घरी असतात. अठ्ठावीस वर्षं अनुताई ताराबाईंच्या हाताखाली काम करत होत्या. आता मुलं, शिक्षिका, पैसे, सगळ्याची काळजी त्यांच्यावर आली. पण त्या मागे हटल्या नाहीत. त्या प्रमुख झाल्या तरी कोसबाडलाच राहिल्या. १९८२ साली, बहात्तराव्या वर्षी, त्यांनी रमेश पानसे यांच्याबरोबर ग्राममंगल ही नवी संस्था काढली. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्या वारल्या.

सुगीच्या दिवसांत आपल्या वर्गातही हजेरी कमी होते. काही मुली बाळाला सांभाळायला घरी राहतात. त्या हुशार आहेत, पण त्यांचे पाढे मागे पडतात. म्हणून सर्व पालकांना माझी विनंती आहे. बाळाला अंगणवाडीत पाठवा आणि ताईला शाळेत पाठवा. अनुताईंनी त्यासाठीच सारा जन्म घालवला.

इयत्ता ४ थी