कुजक्या गवतातून आलेली गोळी

हृदयात कृत्रिम झडप बसवलेले रुग्ण वॉरफॅरिनची गोळी घेतात. सगळे तिला रक्त पातळ करणारी गोळी म्हणतात. खरे तर रक्त पातळ होत नाही. ते गोठायला जास्त वेळ लागतो, इतकेच. ही गोळी ज्यांच्या प्रयोगशाळेतून आली ते कार्ल पॉल लिंक डॉक्टर नव्हते. ते अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात शेतीशी संबंधित रसायनशास्त्र शिकवत.

लिंक यांचा जन्म १९०१ सालचा, इंडियाना राज्यातला. वडील धर्मोपदेशक. डॉक्टरेटनंतर ते युरोपात गेले आणि ऑस्ट्रियातील फ्रिट्झ प्रेगल यांच्याकडे अगदी चिमूटभर पदार्थावरून रसायन ओळखण्याची पद्धत शिकले.

१९३३च्या फेब्रुवारीत, हिमवादळात एक शेतकरी सुमारे ३०० किलोमीटर गाडी चालवत त्यांच्या दारात आला. सोबत मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त आणि स्वीट क्लोव्हर नावाच्या गवताचा ढीग. हे गवत आपल्याकडच्या लसूणघासाच्या जातकुळीतले. ते ओले राहून बुरशी धरले की खाणारी जनावरे रक्तस्राव होऊन मरत. बुरशी लागलेल्या कडब्याची धास्ती सोलापुरातल्या पशुपालकाला सांगायला नको. पण गवतातले नेमके विष कोणते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. लिंक यांच्याकडेही त्या दिवशी देण्यासारखे काही नव्हते. ते गवत खाऊ घालू नका आणि जमल्यास जनावराला रक्त द्या, एवढेच त्यांना सांगता आले.

मग मात्र त्यांनी तो प्रश्न सोडला नाही. सहा वर्षांनी, १९३९मध्ये, त्यांच्या प्रयोगशाळेत त्या विषाचे शुद्ध स्फटिक हाती आले. ताज्या कापलेल्या गवताला गोड वास देणारे कुमारीन तसे निरुपद्रवी. बुरशी त्याचे रूपांतर डायकुमारॉलमध्ये करते. ते ‘के’ जीवनसत्त्वाचे काम अडवते आणि यकृतात तयार होणारे गोठणघटक अपुरे राहतात. म्हणूनच ‘के’ जीवनसत्त्व हाच त्याचा उतारा. लवकरच डायकुमारॉल माणसांना दिले जाऊ लागले.

१९४५मध्ये लिंक यांचा क्षय पुन्हा उफाळला. सॅनिटोरियममध्ये पडल्यापडल्या ते उंदरांच्या बंदोबस्ताविषयी वाचत राहिले. या कुटुंबातले ४२ क्रमांकाचे रसायन त्यासाठी योग्य ठरले. संशोधनाला पैसा देणाऱ्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याला वॉरफॅरिन नाव मिळाले आणि १९४८मध्ये ते उंदीर मारण्यासाठी बाजारात आले. १९५१मध्ये एका अमेरिकी सैनिकाने जीव देण्यासाठी ते खाल्ले, पण ‘के’ जीवनसत्त्वाने तो वाचला. मग डॉक्टरांचे लक्ष तिकडे वळले. १९५४मध्ये ते माणसांसाठी मान्य झाले आणि पुढच्याच वर्षी हृदयविकाराच्या झटक्यानंतर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना ते देण्यात आले. गळ्यात बो आणि अंगावर झगा घालून वावरणारे, वरिष्ठांशी भांडायला न कचरणारे लिंक १९७८मध्ये वारले.

त्यांच्या औषधाची अडचण मात्र कायम आहे. मात्रा कमी पडली तर झडपेवर गुठळी होऊन पक्षाघात. जास्त झाली तर मेंदूत रक्तस्राव. मेथी-पालक अचानक वाढला, मनाने वेदनाशामक गोळी घेतली, तरी तोल जातो. म्हणून पीटी-आयएनआर तपासणी वरचेवर लागते. करमाळ्याहून सोलापूरला यायचे तर एसटीचे भाडे आणि दिवसाची मजुरी जाते. तपासणी चुकते ती बहुधा इथेच, निष्काळजीपणामुळे नव्हे.

कुमारीन कुटुंबातली अनेक रसायने अतिनील किरणांत चमकतात. या चमकेचा उपयोग करून आणि वॉरफॅरिनच्या रेणूच्या मापाचे सूक्ष्म खाचे असलेली, प्रकाश देणारी पॉलिमर बनवून संशोधक औषध ओळखणारे संवेदक तयार करत आहेत. रेणू खाचेत बसला की पॉलिमरचा प्रकाश बदलतो आणि त्यावरून प्रमाण कळते. आयएनआरची जागा हे संवेदक घेऊ शकत नाहीत, कारण औषध किती आहे आणि ते किती काम करते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पण गोळी रोज घेतो असे रुग्ण सांगतो आणि तरी आयएनआर वाढत नाही, तेव्हा औषध रक्तात पोहोचलेच नाही, की ताटातली पालेभाजी वाढली आहे, याचा उलगडा अशा तपासणीने होऊ शकेल.