सोफी शोल

सोफी शोल हिचा जन्म ९ मे १९२१ रोजी जर्मनीत झाला. तिची आई विवाहापूर्वी डीकनेस म्हणून सेवा करीत असे. हिटलर सत्तेवर आल्यावर सोफीही उत्साहाने नाझी मुलींच्या संघटनेत गेली होती. चरित्रकाराने हे झाकू नये. पुढे तिचा भ्रमनिरास झाला.

१९४२ साली ती म्युनिक विद्यापीठात दाखल झाली. तेथे तिचा भाऊ हान्स व त्याचे मित्र ‘श्वेत गुलाब’ या नावाने हुकूमशाहीविरुद्ध गुप्तपणे पत्रके काढू लागले व तीही त्यांना मिळाली.  टंकलेखन यंत्र, सायक्लोस्टाइल व टपालाची तिकिटे ही त्यांची साधने होती. दुसऱ्या पत्रकात पोलंडमधील यहूद्यांच्या कत्तलीचा निषेध होता, तर चौथ्यात उपदेशकाच्या चौथ्या अध्यायातील पीडितांच्या अश्रूंविषयीचा उतारा.

१८ फेब्रुवारी १९४३ रोजी विद्यापीठात पत्रके टाकताना बहीणभाऊ पकडले गेले. प्रथम सोफीने सारे नाकारले. हान्सने कबुली दिल्याचे कळताच मात्र तिने दोष दोघांवर घेऊन मित्रांना वाचविण्याचा प्रयत्न केला. आपले कृत्य चुकीचे होते असे म्हणण्याची संधी तिला मिळाली. ती तिने घेतली नाही.

२२ तारखेला खटला झाला आणि त्याच दिवशी सोफी, हान्स व तीन लेकरांचा पिता ख्रिस्टोफ प्रोब्स्ट यांचा शिरच्छेद करण्यात आला. तत्पूर्वी झालेल्या भेटीत आईने तिला येशूचे स्मरण दिले. तूही त्याला विसरू नकोस, असे लेकीने आईला सांगितले.